मैत्री आणि अंतर : कोकणातील अजगर व त्याचे रान

सर्प आणि मनुष्य यांचा सहवास फार जुना आहे, आणि त्या सहवासातील भयही तितकेच जुने आहे. पाली साहित्यात या भयाला एक विचारपूर्ण उत्तर दिलेले आढळते. एका भिक्खूचा सर्पदंशाने मृत्यू झाला, तेव्हा भगवान बुद्धांनी विरूपक्ख, एरापथ, छब्यापुत्त व कण्हागोतमक या चार सर्पकुलांविषयी मैत्रीची भावना करण्यास सांगितले, असा प्रसंग विनयपिटकात आणि अंगुत्तरनिकायात येतो. तो उपदेश पुढे खंधपरित्त या नावाने प्रसिद्ध झाला. पादहीन, द्विपाद, चतुष्पाद आणि बहुपाद अशा सर्व प्राण्यांविषयी त्यात मैत्री व्यक्त केली आहे. परंतु त्याच्या शेवटी आणखी एक इच्छा आहे, ती म्हणजे या प्राण्यांनी दूर निघून जावे. मैत्री असावी आणि अंतरही असावे, हा तो समतोल होय.

प्रस्तुत लेखात आम्ही याच समतोलाचा विचार आपल्या भूमीच्या संदर्भात करणार आहोत. साप दूर जावा असे आपल्याला वाटत असेल, तर त्याला जाण्यासाठी जागा शिल्लक राहिली पाहिजे. ती जागा कोणती, हा आजच्या पाठाचा विषय आहे. उदाहरण म्हणून आम्ही भारतीय अजगर निवडला असून, अभ्यासाचे ठिकाण म्हणून श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरचा परिसर घेतला आहे.

परिसर

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर व महाड यांच्याजवळून वाहत येऊन बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. त्या मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर आहे. हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री व पुष्पाद्री या टेकड्या, लाटांनी कोरलेले खडक, नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, वर कातळाचे सडे आणि किनाऱ्यालगत सुरूची झाडे असे हे दृश्य आहे.

सुरूच्या बनात उभे राहिले की हिमालयातील चिडाच्या जंगलाची आठवण होते. वारा तसाच घुमतो, खाली तशाच सुया पडतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रात चिडाचे नैसर्गिक जंगल नाही, आणि सुरू हा चिडाचा आप्तही नाही. तो सपुष्प वनस्पती असून, ज्यांना आपण सुया समजतो त्या त्याच्या सांधेदार हिरव्या डहाळ्या आहेत. तो मूळचा ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांचा. वारा अडविण्यासाठी, वाळू धरण्यासाठी आणि जळणासाठी त्याची आपल्याकडे लागवड झाली. ही कामे तो चांगली करतो. मात्र त्याच्या गळलेल्या डहाळ्यांचा जाड थर साचतो व खाली फारसे झुडूप वाढत नाही. झाडे दाट आहेत, पण ज्याला आपण रान म्हणतो ते तेथे नाही, असा प्रकार होतो.

अजगराचा जीवनक्रम

अजगर बिनविषारी आहे. तो भक्ष्याला विळख्यात आवळून मारतो. सामान्यतः त्याची लांबी 3 मीटरच्या आसपास असते, क्वचित त्याहून बरीच अधिक. उंदीर, घुशी, पक्षी, लहान सस्तन प्राणी हे त्याचे खाद्य. वाडीतील कोंबडी किंवा करडू त्याच्या तोंडी पडते हेही खरे, आणि ज्याचे जाते त्याचे नुकसान लहान मानता येत नाही. परंतु भात आणि नारळ यांची नासाडी करणारे उंदीर-घुशी तो वर्षभर खातो, ही जमेची बाजू आपल्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

अजगर स्वतः बीळ खोदत नाही. साळिंदराची बिळे, खडकांच्या कपारी, जुन्या झाडांच्या ढोली, पडलेले ओंडके हे त्याचे निवारे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर आणि साळिंदर एकाच बिळात राहतात, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. हिवाळ्यात त्यांचे मीलन होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी अंडी घालते. त्यानंतर सुमारे दोन महिने ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. या काळात ती बहुधा अन्नही घेत नाही. थंडी वाटली तर ती आपले स्नायू आखडून-सैलावून शरीराला कंप देते आणि त्या उष्णतेने अंडी उबदार ठेवते. सर्पजातीत असे मातृकर्म विरळाच आढळते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत अजगराचा समावेश असून, त्याला पकडणे, मारणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत गणले आहे. एके काळी कातड्यासाठी त्याची मोठी शिकार झाली. आज कायदा आहे, तरी त्याची मुख्य अडचण निवाऱ्याची आहे.

दूरचा एक धडा

अमेरिकेतील लुईझियाना व टेक्सास या राज्यांत पाइन सर्प नावाचा एक बिनविषारी साप आहे. लांब सुयांच्या पाइन वृक्षांचे विरळ, गवताळ जंगल हे त्याचे घर. अमेरिकेच्या आग्नेय भागात अशी जंगले एके काळी सुमारे 9 कोटी एकरांवर होती. वृक्षतोड आणि शेती यांमुळे आज त्यांतील अगदी थोडा अंश उरला आहे. गोफर नावाचा एक कुरतडणारा प्राणी या जंगलात बिळे खोदतो. पाइन सर्प त्यालाच खातो आणि त्याच्याच बिळात राहतो. गोफर गवताच्या व रोपांच्या मुळांवर जगतो. गवताला ऊन लागते. ते ऊन मिळत असे, कारण विजेमुळे लागणाऱ्या हलक्या वणव्यांनी झुडपे अधूनमधून जळून जात. माणसाने वणवे विझविले, झुडपे माजली, गवत गेले, गोफर गेला आणि साप दुर्मीळ झाला. पाइन वृक्ष उभे असतानाही हे घडू शकले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या सापाची मादी एका वेळी जेमतेम तीन ते पाच अंडी घालते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. 2018 मध्ये तेथील सरकारने त्याला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले. तत्पूर्वीच काही प्राणिसंग्रहालयांनी त्याची पैदास करून पिल्ले रानात सोडण्याचे काम सुरू केले होते. मात्र त्यासाठी, नियंत्रित वणव्यांच्या साह्याने पूर्वस्थितीला आणलेले जंगल निवडण्यात आले. आधी घर, मग रहिवासी, असा तो क्रम आहे.

या उदाहरणातून तत्त्व घ्यावयाचे आहे, उपाय जसाच्या तसा घ्यावयाचा नाही. तेथे जंगलाला आग हवी होती. कोकणात आग हाच शत्रू आहे. भाजावळीची ठिणगी उडून, अथवा नवे गवत चांगले यावे या समजुतीने, फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आपल्याकडे डोंगर पेटतात. नेमक्या याच दिवसांत अजगराची मादी अंड्यांवर बसलेली असते. धामण, साळिंदर, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कोवळी रोपे यांचाही तोच नाजूक काळ. एका दुपारच्या वणव्यात किती कुळे नाहीशी होतात, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

निसर्ग चक्रीवादळानंतर

3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्यातील वाड्या भुईसपाट केल्या. पिढ्यांनी जोपासलेली पोफळ एका दिवसात गेली. नवे झाड फळाला यायला अनेक वर्षे लागतात, म्हणून त्या दुःखाचे मोल शहरात बसून करता येणार नाही. परंतु पुन्हा लागवड करताना एक संधीही मिळते. किनाऱ्यावर केवळ सुरूच्या रांगा न लावता उंडी, करंज, भेंड, केवडा, निर्गुडी अशी स्थानिक झाडेझुडपे त्यांच्या जोडीला आणावीत. वाळूवर मर्यादवेल पसरू द्यावी. वाडीच्या मागील कोपऱ्यात पडलेला एखादा जुना ओंडका राहू द्यावा. जांभ्याचा गडगा शक्यतो सिमेंटने बंद करू नये, कारण त्याच्या फटीत लहान जीवांचे एक गावच वसलेले असते. देवराईचा तुकडा कितीही लहान असला, तरी तो राखावा.

अंतर कसे राखावे

सर्पभय खोटे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप कोकणात आहेत. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात मेलेली फुरशी आणून देणाऱ्यास सरकारी इनाम मिळे आणि ती लाखोंच्या संख्येने मारली गेली. तरीही फुरसे आजही त्या जिल्ह्यात आहे. मारणे हा सर्पदंशावरील उपाय नव्हे, हे त्यावरून दिसते.

अजगराच्या बाबतीत एक धोका विशेष आहे. घोणस आणि लहान अजगर यांत गल्लत होते. घोणशीच्या अंगावर काळ्या कडेच्या लंबगोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन रांगा असतात. अजगराच्या अंगावरील तपकिरी पट्टे मोठे व वेडेवाकडे असतात. गल्लतीमुळे निरपराध अजगर मारला जातो, आणि उलटपक्षी अजगर समजून घोणस हातात घेणाऱ्याचा जीव जातो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की ओळख पटली तरी हात लावू नये. मागे सरावे, सापाला वाट मोकळी ठेवावी आणि गरज भासल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. दंश झालाच तर मंत्र-तंत्र, चिरा देणे वा चोखणे यांत वेळ न दवडता रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष हेच त्यावरील औषध आहे.

पकडलेला साप दूरच्या डोंगरात सोडला की काम झाले, असेही समजू नये. अनोळखी भूमीत त्याला बीळ, पाणी, भक्ष्य यांतील काहीच ठाऊक नसते. शक्य तेथे त्याला जवळच्या रानातच सोडणे हिताचे, आणि त्यासाठी जवळ रान असणे आवश्यक.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतीत, शाळांत, शेतीवाडीत काम करीत आहेत. त्यांना व पालकांना आमची विनंती इतकीच की येत्या माघ-फाल्गुनात आपल्या गावच्या डोंगराला वणवा लागू देऊ नये, त्यासाठी वेळीच जाळपट्टे काढावेत आणि मुलांना आपल्या परिसरातील बिळे, ढोली व कपारी यांची नोंद दुरूनच करावयास शिकवावे. ज्या जीवाविषयी आपण मैत्रीची भावना करतो, त्याला रात्री परतण्यासाठी एक बीळ शिल्लक आहे की नाही, हे पाहणेही त्याच भावनेचा भाग आहे.