मांजराचं यंत्र आणि बेदाण्याचा सौदा : खरेदी शिकवणारा एक तास



अकरावी वाणिज्यला 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' शिकवताना खरेदीचा भाग आला की मुलं पेंगायला लागतात. पुरवठादार निवडणे, नमुना तपासणे, मागणीपत्र देणे. पाठ करायला सोपं, पण पाठ करून समजत मात्र काही नाही. या वर्षी हा भाग मी वेगळ्या पद्धतीनं घेतला, कारण माझा एक माजी विद्यार्थी खरंच अडचण घेऊन घरी आला होता.

पोरगा पुण्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करतो. त्याच्या डोक्यात एक धंदा आहे. दरमहा ठरावीक वर्गणी भरायची, त्यात मांजराच्या शौचासाठीची वाळू घरपोच मिळेल आणि घाण आपोआप बाजूला काढणारी पेटीही वापरायला मिळेल. एका पुरवठादारानं 9,000 रुपयांना एक अशा 100 पेट्या देऊ केल्या. म्हणजे 9 लाख. पैसे कुठले? तर वडिलांनी कोल्ड स्टोरेजला ठेवलेल्या बेदाण्यावर तारण कर्ज काढून. "सर, नमुना बघितलाय, मस्त चालतो," असं तो म्हणाला.

आपल्याकडे मांजर चुलीजवळ झोपतं आणि बाकीचं सगळं परसात उरकून येतं. त्यामुळे वर्गात आधी हशा पिकला. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगावी लागली. फ्लॅटमधल्या मांजराला परस नाही. पूर्वी परदेशातही लोक राख, वाळू, भुसा वापरायचे. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोव यांनी शेजारणीला राखेऐवजी फुलर्स अर्थ दिली आणि त्यातून पुढं मोठा उद्योग उभा राहिला. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती! आज वापरतात ती ओलाव्यानं गोळा होणारी वाळू बहुतेक बेंटोनाइट मातीची असते, आणि ती माती आपल्या कच्छमध्ये भरपूर निघते. गोळा झाला तरच यंत्राला तो चाळून काढता येतो. काही पेट्यांत दाताळं फिरतं, काहींत अख्खं पिंप गोल फिरतं.

आता फळ्यावर हिशेब. महिन्याची वर्गणी 900 धरली. वाळू आणि पोचवण्याचा खर्च 500. उरले 400. पेटीची किंमत 9,000. भागिले 400, म्हणजे साडेबावीस महिने. तेविसाव्या महिन्यात कुठं पेटीचे पैसे सुटणार. मग मी विचारलं, चौदाव्या महिन्यात मोटर गेली तर? 14 गुणिले 400, म्हणजे 5,600 आले, 3,400 बुडाले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, दुकानात विकली असती तर ते गिऱ्हाइकाचं नुकसान. वर्गणीत ते आपलंच." मला अगदी हेच हवं होतं. वॉरंटी 12 महिन्यांची आणि पैसे सुटायला 23 महिने, ही मधली अकरा महिन्यांची दरी पुरवठादार स्वतःहून कधीच दाखवत नाही. ती भरायची तर मोटर, सेन्सर, अडॅप्टर हे सुटे भाग भारतात साठ्याला आहेत का, हे किमतीच्या आधी विचारायला हवं.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट मांजराच्या जिवाची. फिरणाऱ्या पिंपात मांजर असताना यंत्र थांबलं नाही तर ते चिरडतं. स्वस्त, नाव नसलेल्या पेट्यांमुळे मांजरं दगावल्याच्या तक्रारी परदेशात झालेल्या आहेत. चांगल्या पेटीत वजनाचा सेन्सर असतो, तोंडाशी इन्फ्रारेड असतो आणि अडथळा आला की मोटर उलटी फिरते किंवा थांबते. हलकं पिल्लू वजनाला कळतच नाही, म्हणून अनेक उत्पादक माहितीपत्रकातच किमान वजन लिहितात. ते लिहिलेलं नसेल तर तिथंच शंका घ्यावी.

तपासायचं कसं, हे मुलांनाच शोधायला लावलं. एकानं सुचवलं, पिल्लाऐवजी एक किलो तूरडाळीची पिशवी ठेवू. फिरताना फटीत गाजर धरायचं, गाजर मोडलं तर पेटी नापास, हे मी सुचवलं. (हात घालून बघू नका, हे मुलांना दोनदा सांगा.) तिसरी चाचणी आपल्या भागातल्या मुलांशिवाय कुणाला सुचली नसती : फिरताना मधेच लाईट घालवायची. लाईट परत आल्यावर यंत्र आधी 'आत कोणी आहे का' बघतं, की तडक फिरायला लागतं?

मग मुद्दा नमुन्याचा. तासगावच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. बेदाण्याच्या सौद्यात वरचा थर बघून कोण बोली लावतो? बॉक्स फोडून खालचा माल हातावर घेतात, रंग बघतात, मणी दाबून बघतात. आणि पुरवठादार धाडतो तो नमुना म्हणजे वरचा थरच. गणितानंही पटवलं. दहातली एक पेटी खराब असेल, तर दोन्ही नमुने चांगले निघण्याची शक्यता 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 81 टक्के. खराब मालसुद्धा बहुतेक वेळा पास! वीस पेट्या तपासल्या तर सगळ्याच चांगल्या निघण्याची शक्यता सुमारे 12 टक्क्यांवर येते. हा वीस आकडा हवेतला नाही. IS 2500 या भारतीय मानकाच्या नेहमीच्या तक्त्यात 100 नगांच्या मालाला नमुना 20 चाच येतो. 2.5 टक्क्यांच्या पातळीला त्यात एक दोष चालतो, दोन निघाले की माल परत. मात्र हा हिशेब ओरखडा, सैल झाकण अशा दोषांसाठी. न थांबणारी पेटी एकही निघाली तर सगळा माल परत, असं आम्ही वर्गात ठरवलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. अडॅप्टरवर बीआयएसचा आर-क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघता येतो. वायफाय असेल तर डब्ल्यूपीसीची मंजुरी लागते. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी हवी. आणि पैसे? थोडे आगाऊ, उरलेले तपासणीनंतर. सगळे आगाऊ मागणारा पुरवठादार मला तरी नको.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल विक्रेत्यावरही दावा होऊ शकतो, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावं. मुलगा "मी फक्त मधला माणूस" म्हणाला तरी तेवढ्यावर सुटका होईलच असं नाही.

पोरानं ऐकलं. शंभराची मागणी थांबवून आणखी दोन पेट्या रोख विकत घेतल्या, त्याही पुरवठादाराला न सांगता दुसऱ्याच्या नावावर. पहिली डाळीच्या पिशवीला थांबली, गाजरालाही थांबली. दुसरी पिशवी आत असताना फिरली, आणि लाईट घालवून आणल्यावर परत फिरली. व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "सेटिंगचा प्रश्न आहे." त्यानं मागणी रद्द केली. बेदाणा अजून कोल्ड स्टोरेजलाच आहे. सध्या तो साधे ट्रे आणि वाळू वर्गणीवर पोचवतो, तीस-बत्तीस घरं झालीत. पेटीचा शोध चालू आहे. पुढचा नमुना आला की तो थेट वर्गात आणतो म्हणालाय. डाळ आणि गाजरं मुलं आणणार आहेत.