यूएलके-१ची कुपी लॅबपर्यंत येईपर्यंत कितीला पडते?

आधी एक प्रश्न, कारण तिथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात: ऑटोफॅजी सुरू करणारं हे कायनेज प्रथिन तुम्हाला खरंच लागणार आहे का? ‘माझ्या औषधाने पेशीतली ऑटोफॅजी वाढते का?’ एवढंच पाहायचं असेल, तर नाही. एलसी३ आणि पी६२ची वेस्टर्न ब्लॉट, सोबत बॅफिलोमायसिन दिलेला गट, आणि फार तर एटीजी१३च्या सेरीन ३१८ वरचं फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी, इतक्यात काम भागतं. शुद्ध यूएलके-१ लागतं ते ‘माझं संयुग थेट याच कायनेजला अडवतं का?’ किंवा ‘हे कायनेज अमुक प्रथिनावर फॉस्फेट चढवतं का?’ या प्रश्नांसाठी. (उपवास आणि ऑटोफॅजीची चर्चा घरोघरी पोचल्यापासून हे काही पूरक औषध आहे का, असंही लोक विचारतात. नाही. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं असतं, ते शब्दशः घ्यावं.)

यूएलके-१ हा यीस्टमधल्या एटीजी१चा माणसातला भाऊबंद. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते यीस्टमधल्या ऑटोफॅजीच्या याच जनुकसंचाच्या शोधासाठी. पूर्ण प्रथिन १०५० अमिनो आम्लांचं असतं. बाजारात मात्र बऱ्याचदा १ ते ६४९ एवढाच तुकडा मिळतो. तो एसएफ९ या कीटकपेशींत बनवलेला असतो आणि त्याला जीएसटीचं शेपूट जोडलेलं असतं (हा कर नव्हे, कराचा जीएसटी पुढे येतोच). संयुगं चाळायला हा तुकडा पुरतो. पण एटीजी१३ किंवा एफआयपी२०० शी होणारी जोडणी पाहायची असेल तर घेऊ नका. ती जोडणी प्रथिनाच्या शेवटच्या भागात होते आणि नेमका तोच भाग यात नसतो.

आता पैसे. परदेशी यादीत १० मायक्रोग्रॅमची किंमत काही शे डॉलरच्या घरात असते. हिशेबासाठी ४०० डॉलर आणि डॉलर ९० रुपयांचा धरू, म्हणजे ३६ हजार. त्यावर सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरला की आकडा ४५ हजारांपुढे जातो. ड्राय आइसमधली विमानवाहतूक वेगळी, म्हणून ५० हजारांची तजवीज ठेवा. सरकारी संशोधन संस्थांना जीएसटीचा ५ टक्के हा सवलतीचा दर होता, तो जुलै २०२२ मध्ये संपला. सिनिअरच्या जुन्या प्रस्तावातले आकडे उतरवून काढणाऱ्यांची फजिती इथेच होते. २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळा-रसायनांवरचं शुल्क १० वरून १५० टक्क्यांवर गेलं आणि ओरड झाल्यावर स्वतःच्या वापरासाठी मागवणाऱ्यांना पुन्हा १० टक्के झालं. त्यामुळे कोटेशन ‘सर्व करांसह, लॅबपोच’ असंच मागा आणि त्यावर मुदत लिहून घ्या.

तरीही कुपीची किंमत हा खरा आकडा नाहीच. एका अभिक्रियेला ५० नॅनोग्रॅम लागत असतील तर १० मायक्रोग्रॅममध्ये कागदावर २०० अभिक्रिया होतात, म्हणजे प्रत्येकी २५० रुपये. दुसऱ्या कंपनीची कुपी निम्म्या किमतीत मिळाली, पण क्रियाशीलता कमी असल्याने २०० नॅनोग्रॅम लागले, तर ५० अभिक्रियाच होतील आणि प्रत्येकी ५०० पडतील. स्वस्त कुपी दुप्पट महाग! म्हणून लॉटचं विश्लेषण-प्रमाणपत्र आधी मागा आणि त्यात दर मिनिटाला, दर मिलिग्रॅमला किती नॅनोमोल फॉस्फेट चढतं ते पाहा. सब्स्ट्रेट आणि एटीपीची तीव्रता वेगळी असेल तर दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. शुद्धतेचा टक्का सगळेच चांगला छापतात. प्रत्यक्ष जेलचं चित्र बघा.

आणि २०० पैकी २०० कधीच हाती लागत नाहीत. एन्झाइमचं योग्य प्रमाण ठरवण्यात काही जातात, नळीच्या भिंतीला चिकटून काही. दहा मात्रा प्रत्येकी तीनदा आणि नियंत्रणं धरली तर एका फेरीला प्लेटमधल्या चाळीसेक विहिरी लागतात. तीन फेऱ्या नीट झाल्या तर समाधान माना.

सोबतच्या वस्तू लोक विसरतात. एडीपी मोजणारं प्रकाशमान किट कुपीइतकाच खिसा रिकामा करू शकतं, शिवाय ल्युमिनोमीटर हवा. किरणोत्सारी फॉस्फरस-३२ चा जुना मार्ग संवेदनशील आहे, पण त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. एमआरटी६८९२१ सारखा ज्ञात अवरोधक नियंत्रण म्हणून ठेवाच, कारण कीटकपेशींतलं एखादं कायनेज सोबत आलेलं असू शकतं. यावर काटकसर करू नका.

माल सोमवार ते बुधवार पोचेल असा मागवा. शनिवार-रविवार कस्टममध्ये अडकला तर ड्राय आइस उडून जातो. खोका उघडताना आत बर्फ किती उरलाय याचा फोटो काढा. कुपी बर्फावर वितळवून त्याच दिवशी छोट्या नळ्यांत वाटून भरा आणि उणे ८० मध्ये ठेवा. त्यातली एक नळी आठवडाभरात वापरून क्रियाशीलता तपासा. तक्रारीची मुदत बहुतेकदा माल मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, कुपी उघडल्यापासून नव्हे.