शार्पी मधेच विझते, लॅम्प बदलू का?

प्रश्न : मे महिन्यात अकोल्याच्या लग्नात आमची 230 वॅटची शार्पी (फिरत्या डोक्याची बीम लाइट) पंधरा-वीस मिनिटांत विझते. डोकं फिरतं, पण उजेड नाही. डिस्प्लेवर लॅम्प एरर. नवा लॅम्प टाकू का?
— एक लाइटवाला, अमरावती

उत्तर : एवढ्यात नको. थंड असताना पेटते आणि तापल्यावर विझते, म्हणजे आधी संशय उष्णतेवर. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. त्यात लॉनवरची धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत थर धरून बसते. हवा थांबली की सेन्सर लॅम्प बंद करतो. पंखे, जाळी साफ करा, पंखे पूर्ण वेगाने फिरतात का बघा.

विझलेला लॅम्प लगेच पेटवू नका. गरम डिस्चार्ज लॅम्पमध्ये दाब फार असतो, ठिणगी पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा. व्होल्टेज कमी पडला तरी लॅम्प विझतो, म्हणून जनरेटरचा व्होल्टेजही पूर्ण लोडवर मोजा.

तरीही विझली तर चांगल्या शार्पीतला लॅम्प हिच्यात लावून बघा. तोही विझला तर दोष बॅलास्ट, इग्नायटर किंवा जळालेल्या कनेक्टरचा. काच काळवंडली किंवा फुगली असेल तर मात्र लॅम्प आजच काढा. पण प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर, चष्मा-हातमोजे घालूनच. काच फुटली तर आतला पारा बाहेर येतो.