फॉर्ममध्ये मुलाचा रकाना नसतो

नीट-पीजीच्या जागा गुणवत्ता यादीनं मिळतात. मुलाखत नसते, त्यामुळे ‘मूल कोण सांभाळणार?’ असं कुणी विचारत नाही. घटस्फोटानंतर मुलीला एकटीनं वाढवत फॉर्म भरताना मला याचं बरंच वाटलं होतं. पण कुणी विचारत नाही म्हणजे सगळी चौकशी आपल्याच गळ्यात.

पसंतीक्रम लावताना सगळे ब्रँच आणि कॉलेजचं नाव बघतात. तुम्ही रात्रपाळ्या बघा. सलग बारा तासांहून जास्त ड्युटी सहसा नसावी, असं केंद्राची रेसिडेन्सी योजना 1992 पासून सांगते. आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात जेआर-वनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटची, इमर्जन्सी सकाळी लागायची आणि दुसऱ्या दिवशीचा राऊंड, ओपीडी उरकून संध्याकाळी सुटायची. शेजारच्या युनिटमध्ये मात्र जरा माणसासारखं चालायचं. हे कुठल्याही वेबसाइटवर सापडत नाही. विभागप्रमुखांना विचारू नका, ते नियम सांगतील. जेआर-टूला फोन लावा आणि गेल्या महिन्यात किती रात्री घरी झोपलात, एवढंच विचारा.

पाळणाघर आहे, या उत्तरावर थांबू नका. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते हवं, असं 2017 पासून कायदा म्हणतो. आमचं संध्याकाळी सहाला बंद व्हायचं, आणि संध्याकाळचा राऊंड तेव्हाच सुरू व्हायचा! माझी आई गाव सोडून आली म्हणून निभावलं. तरी तिचे गुडघे आणि मुलीचा ताप एकाच आठवड्यात येतात, हे धरून चाला. रात्री-बेरात्री दार वाजवता येईल असं दुसरं एक घर आधीच जोडून ठेवा. हॉस्टेलवर राहायची सक्ती पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमांत नाही. सीनियर काहीही म्हणोत, खोली हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशी घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगचं कुणी आधी बोलत नाही. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी ती येतेच. माझी ऐन मुलीच्या शाळेच्या परीक्षेत आली. रुजू झाल्यावर लगेच यादी कोण लावतं ते शोधा आणि सुट्टीतली बॅच लेखी मागा.

अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीतली जागा नाकारता येते, पण दुसऱ्या फेरीत मिळालेली सोडली तर अनामत जाते. तेव्हा ते सगळे फोन याद्या लागायच्या आधीच करून मोकळ्या व्हा.