मशेरीची सवय

प्रश्न : सासूबाई अनेक वर्षे मशेरी लावतात, विडीपेक्षा ती निरुपद्रवी, असे त्या म्हणतात. हे खरे काय?

उत्तर : मुळीच नाही. तव्यावर काळी पडेपर्यंत भाजल्याने तंबाखूतील कर्करोगजनक द्रव्ये नाहीशी तर होत नाहीतच, उलट जळण्यातून उद्भवणाऱ्या नव्या विषांची त्यांत भर पडते, आणि हिरड्यांवाटे रक्तात उतरणारे निकोटीन दंतमंजनाच्या मिषाने व्यसन जडवते. गर्भवतीने ती लावल्यास बालक कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. सासूची डबी सुनेच्या हाती सहज येते, म्हणून मला याचीच चिंता अधिक वाटते. गालात पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण दिसल्यास दंतवैद्यास विनाविलंब दाखवावे. सवय सोडताना प्रारंभी मस्तकशूळ, चिडचिड होईल. तेव्हा ताकीद न देता धीर द्यावा. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.