सवारोला जाताना कंगवा घ्या

सह्याद्रीतल्या सवयीने आम्ही उजाडायच्या आत निघालो आणि तिथेच चुकलो. ॲरिझोनात टुसॉनच्या पश्चिमेला असलेल्या सवारो नॅशनल पार्काच्या भागात मार्चमध्ये सकाळी सातला पोचलो, तर आभाळ भरलेलं, वारा बोचरा आणि मेक्सिकन गोल्ड पॉपीची झाडून सगळी फुलं मिटलेली. ऊन अंगावर आल्याशिवाय ती उघडत नाहीत. ढगाळ दिवशी तर मिटूनच राहतात.

थोडं जवळून बघू म्हणून मावसभाऊ पायवाट सोडून दोनच पावलं आत गेला आणि टेडी बेअर चोयाचा लिंबाएवढा तुकडा पोटरीत रुतवून परतला. लांबून लोकरीसारखं मऊ दिसणारं हे निवडुंग. त्याचे सांधे नुसत्या स्पर्शाने सुटतात आणि काट्यांना गळासारखी उलटी टोकं असतात. "अरे, हात लावू नकोस!" म्हणेपर्यंत त्याने हात लावला होता. आता तळहातही अडकला. समोरून येणाऱ्या एका बाईंनी सॅकमधून रुंद दातांचा कंगवा काढला, कातडी आणि तुकडा यांच्यामध्ये सरकवला आणि एका झटक्यात तुकडा उडवला. समोर कुणी नाही हे आधी बघून. उरलेले काटे चिमट्याने काढायला अर्धा तास गेला. कंगवा आणि चिमटा, दोन्ही वरच्या कप्प्यात हवेत.

साडेदहाला ऊन पडलं आणि ज्या उतारावरून आम्ही खट्टू होऊन आलो होतो तोच केशरी-पिवळा झाला. मध्ये जांभळे ल्युपिन, खडकांतून ब्रिटलबुशचे पिवळे झुपके. शरद-हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तरच हे दिसतं, तेव्हा निघण्याआधी फुलांची खबर घ्या. पार्काला नाव देणाऱ्या सवारो निवडुंगाची स्वतःची पांढरी फुलं मात्र एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत. रात्री उमलतात, दुसऱ्या दुपारी मिटतात.

वाट सोडू नका, हे फक्त काट्यांसाठी सांगत नाही. सवारोचं रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतं, बहुधा पालो वर्देच्या झाडाच्या सावलीत. फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं. कास पठारावर फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांसारखे फुलांत लोळून फोटो काढणारे इथेही भेटले, तितकाच संताप आला. वॉसन पीक हे शिखर गाठलं की ट्रेक झाला म्हणणाऱ्यांनी एकदा पालो वर्देच्या सावलीत वाकून ही रोपं बघावीत.

 

सवारो १९३३ साली राष्ट्रीय स्मारक झालं, १९९४ मध्ये नॅशनल पार्क. सिग्नल हिलवर होहोकाम लोकांची कातळचित्रं आहेत. बहादा लूप हा सहा मैलांचा कच्चा रस्ता, त्यावरूनच व्हॅली व्ह्यूची छोटी वाट फुटते. सावली नाही, पाणी दुप्पट घ्या. दहाच्या आत फुलांकडे फिरकू नका. तोवर सिग्नल हिल करून या.