शोभिवंत माशांसाठी घरच्या घरी खाद्य

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावात भात निघाला की कोंडा घरात असतो, पेंड जनावरांसाठी आणलेली असते आणि सुकी मासळी आठवडी बाजारात मिळते. शोभिवंत माशांच्या खाद्याला लागणारा बहुतेक माल हाच आहे. मुंबई येथून फार लांब नाही. तेथे १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि रंगीत मासे कित्येकांनी प्रथम तेथेच पाहिले. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे अशा माशांचा व्यापार चालतो. म्हणून या पट्ट्यात परसातील सिमेंटच्या टाक्यांत गप्पी, मोली, गोल्डफिश किंवा कोई वाढवून विकण्याचा जोडधंदा करण्यासारखा आहे. गप्पी तर डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून आपल्याला आरोग्य खात्यामुळे ओळखीचा आहेच.

या धंद्यात रोजचा खर्च असतो तो खाद्याचा. डबीतले तयार खाद्य हौशी माणसाच्या एका काचपेटीला परवडते, दहा टाक्यांना परवडत नाही. घरी खाद्य करणे अवघड नाही. मात्र मासे खाद्यावर तुटून पडले म्हणजे खाद्य जमले, असा समज करून घेऊ नये. मासा पुष्कळ काही खातो. खाद्य जमले की नाही हे दुसऱ्या दिवशी टाकीतले पाणी सांगते.

माल कसा निवडावा

मुख्य प्रथिन जवळ्याचे. चांगल्या सुक्या जवळ्यात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. शिवाय त्याच्या कवचातील रंगद्रव्य माशाच्या तांबूस-केशरी रंगाला उपयोगी पडते. हे रंगद्रव्य मासा स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही, ते खाद्यातूनच मिळावे लागते. केवळ पेंड आणि कोंड्यावर वाढवलेला गोल्डफिश फिकट का दिसतो, याचे एक कारण हे आहे. जवळा मीठ न लावलेला घ्यावा. सुपात पाखडून वाळू काढावी आणि उन्हात एकदा कडक करून दळावा. १ जूनपासून दोन महिने समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच करावा.

भुईमूग पेंडीत सुमारे ४० ते ४५ टक्के प्रथिने असतात. पेंड ताजी, पिवळसर आणि खमंग वासाची असावी. सोयाबीन वापरायचे असल्यास ते चांगले भाजल्याशिवाय वापरू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, ते उष्णतेने नाहीसे होतात.

कोंड्याच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. गावातल्या हलरवर जो कोंडा मिळतो त्यात तुसाचे तुकडे मिसळलेले असतात. तूस माशाला पचत नाही आणि टाकीच्या तळाशी गाळ म्हणून बसते. असा कोंडा मैद्याच्या चाळणीने चाळून खाली पडणारे बारीक पीठच घ्यावे. दुसरे असे की, ताज्या कोंड्यात तेल असते आणि ते तेल खवट करणारे विकरही असते. भरडल्यापासून थोड्याच दिवसांत कोंड्याला खवट वास येऊ लागतो. म्हणून गिरणीतून आणला त्याच दिवशी तो कढईत मंद आचेवर परतून घ्यावा. बांधावरच्या खड्ड्यात ॲझोला वाढवत असाल तर तो वाळवून कोंड्याचा काही भाग त्याने बदलता येतो. गोल्डफिश आणि कोई तो आवडीने खातात.

प्रमाण काढण्याची सोपी रीत

वाढत्या गोल्डफिश, मोली, गप्पींना ३० ते ३५ टक्के प्रथिनांचे खाद्य पुरते. पिल्लांना आणि फायटर, एंजलसारख्या मांसाहारी माशांना ४० टक्क्यांहून अधिक लागतात. आपण ३५ टक्क्यांचे खाद्य करू.

जवळा ६० टक्के आणि पेंड ४२ टक्के, दोन्ही समभाग घेतल्यास सरासरी ५१ येते. हा झाला उंच गट. कोंडा आणि गव्हाचे पीठ, दोन्ही सुमारे १२ टक्के, हा खालचा गट. आता ३५ मधून १२ वजा केले की २३ उरतात, तितके भाग उंच गटाचे. ५१ मधून ३५ वजा केले की १६ उरतात, तितके भाग खालच्या गटाचे. एकूण ३९ भागांत २३ म्हणजे ५९ टक्के. एक किलोसाठी पूर्ण आकडे धरल्यास जवळा ३०० ग्रॅम, पेंड ३०० ग्रॅम, कोंडा २०० ग्रॅम आणि गव्हाचे पीठ २०० ग्रॅम असे प्रमाण येते. पडताळा करून पाहा: १८० अधिक १२६ अधिक २४ अधिक २४ म्हणजे ३५४ ग्रॅम प्रथिने, म्हणजेच ३५ टक्क्यांहून थोडे जास्त. जवळा महाग झाला किंवा पेंड बदलली तर हीच रीत वापरून नवे प्रमाण स्वतः काढावे. दुसऱ्याचा तक्ता पाठ करण्यापेक्षा हे बरे.

यात १० ग्रॅम जीवनसत्त्व-खनिज मिश्रण आणि २० मिलिलिटर माशाचे किंवा साधे गोडे तेल घालावे.

कृती

सर्व माल वेगवेगळा दळून रव्याच्या चाळणीने चाळावा. जाड कण राहिले तर गोळी तेथूनच फुटते. जवळा, पेंड, कोंडा आणि पीठ एकत्र करून लागेल तसे, सुमारे अर्धा लिटर पाणी घालत चपातीच्या कणकेपेक्षा थोडे घट्ट मळावे. हाती असल्यास एक अंडे घालावे, बांधणी चांगली होते. मुठीएवढे गोळे करून शिट्टी न लावता अर्धा तास वाफवावेत. वाफेने पिठातील पिष्टमय भाग चिकट होतो आणि पचायलाही हलका होतो.

गोळे पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम असतानाच जीवनसत्त्वे घातल्यास त्यांचा बराच भाग वाया जातो, आणि सर्वांत महाग वस्तू तीच असते. गार गोळे फोडून त्यात मिश्रण व तेल मळावे आणि चकलीच्या सोऱ्यात बारीक शेवेची ताटली घालून स्वच्छ कापडावर शेव पाडावी. (सोऱ्या स्वयंपाकघरातला न वापरता वेगळा ठेवावा. जवळ्याचा वास दिवाळीपर्यंत जात नाही.) शेव वाऱ्याच्या जागी सावलीत वाळवावी, कारण कडक उन्हात रंगद्रव्य उडते. हाताने मोडल्यावर कट्‌कन तुटली की वाळली असे समजावे. मग हाताने चुरून चाळणीने प्रतवारी करावी. मोठे तुकडे गोल्डफिश-कोईला, मधले मोलीला आणि खाली पडलेला भुगा पिल्लांना.

गप्पी आणि गुरामी पृष्ठभागावर खातात, तर आपली गोळी बुडते. त्यांच्यासाठी तेच पीठ पळीवाढे पातळ करून, तेलाचा हात लावलेल्या ताटलीत फेण्यांसारखे पातळ पसरून वाफवावे व वाळवावे. त्याचे पापुद्रे काही वेळ तरंगतात.

पाण्याची परीक्षा

पहिली परीक्षा काचेच्या ग्लासात घ्यावी. ग्लासभर पाण्यात चार गोळ्या टाकून अर्धा तास न ढवळता ठेवाव्यात. गोळी फुगावी, पण आकार धरून राहावी. पाच-दहा मिनिटांतच विरघळून पाणी दुधाळ झाले तर ते खाद्य टाकीत टाकू नये. पुढच्या वेळी दळण बारीक करावे, पीठ ५० ग्रॅम वाढवावे किंवा वाफ जास्त द्यावी.

याचे कारण समजून घ्यावे. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो, म्हणजे आपल्या १०० ग्रॅम खाद्यात साडेपाच ग्रॅमहून जास्त नत्र आहे. शेतात नत्र पिकाला जातो, टाकीत न खाल्लेले खाद्य कुजून तो अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. १०० लिटरच्या टाकीत अवघे १० ग्रॅम खाद्य कुजले तरी दर लिटरला साडेपाच मिलिग्रॅमपर्यंत नत्र येऊ शकतो. पाण्याचा सामू ७ असेल तर त्यातला जेमतेम शेकडा एक भागच विषारी स्वरूपात असतो. तोच सामू ८ झाला, आणि नव्या सिमेंटच्या टाकीत तो सहज होतो, की उन्हाळ्याच्या तापमानात हा भाग शेकडा सहा-सातपर्यंत जातो. एवढ्याने मासे वर येऊन धापा टाकू लागतात. लग्नाला दोन दिवस बाहेरगावी जायचे म्हणून मूठभर खाद्य जास्त टाकून जाण्याची सवय याच कारणाने घातक आहे. मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर काही बिघडत नाही. मेलेले पाणी मात्र एका रात्रीत टाकी रिकामी करते.

रोजचे खाद्य मोठ्या माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के द्यावे. दहा ग्रॅमचे २०० गोल्डफिश असतील तर त्यांचे वजन २ किलो आणि ३ टक्क्यांनी दिवसाचे खाद्य ६० ग्रॅम. ते दोन-तीन वेळा विभागून, पाच मिनिटांत संपेल इतकेच टाकावे. पहिले दोन आठवडे सकाळी तळाला नळी लावून पाहावे. गाळात कालच्या गोळ्या दिसल्या तर आज प्रमाण कमी करावे.

पिल्लांचे खाद्य वेगळे

येथे कोरड्या खाद्याची मर्यादा येते. गप्पी-मोलीची पिल्ले जन्मतःच भुगा खातात. गुरामी आणि फायटरची पिल्ले इतकी लहान असतात की, पहिले चार-पाच दिवस त्यांच्या तोंडात भुग्याचा कणही जात नाही. त्यांना जिवंत सूक्ष्मजीवच लागतात. काचेच्या बरणीत तळ्याचे किंवा जुन्या टाकीचे पाणी घेऊन त्यात केळीच्या सालीचा तुकडा टाकावा, तोंडाला फडके बांधून उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावे. पाणी आधी गढूळ होते, वास येतो आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा निवळू लागते. निवळल्यावरच, दिवसातून दोनदा थोडे थोडे पिल्लांना द्यावे.

त्यापुढे मोइना हा जलपिसू फार उपयोगी पडतो. १०० लिटर पाण्याच्या टबात २० ग्रॅम भुईमूग पेंड रात्रभर भिजवून गाळून टाकावी. पाणी हिरवट झाले की मोइनाचे बी सोडावे. अनुकूल परिस्थितीत माद्या नराशिवायच पिल्ले देतात, त्यामुळे आठवडाभरात टब दाट होतो. रोज थोडा मोइना मलमलीने गाळून घ्यावा आणि दर तीन-चार दिवसांनी थोडी पेंड पुन्हा द्यावी. ओढ्यातून किंवा गटारातून आणलेले किडे थेट टाकीत सोडू नयेत. त्यांच्याबरोबर रोग, परजीवी आणि चतुराच्या अळ्या येतात. चतुराची एक अळी पिल्लांची मोजदाद चुकवते.

उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून पिळून देण्याची पद्धत सर्वत्र आहे. निकड असेल तेव्हा ती चालते, पण पाणी बिघडवण्यात बलकाइतके दुसरे काही तत्पर नाही. थेंबांनी द्यावा आणि संध्याकाळी पाणी बदलावे.

ओले खाद्य आणि टाकीतील इतर प्राणी

विणीच्या माशांना आठवड्यातून दोनदा ओले खाद्य दिल्यास फायदा होतो. सोललेली कोळंबी किंवा मासळीचे तुकडे, थोडा पालक व गाजर एकत्र वाफवून वाटावे, चायना ग्रासच्या गरम पाण्यात मिसळून ताटात थापावे आणि वड्या पाडून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. मासळी कच्ची देऊ नये. काही माशांच्या कच्च्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, शिजवल्याने ते निकामी होते.

टाकीतील गोगलगायींना वाफवलेला पालक किंवा काकडीची चकती पुरते. कवचासाठी अंड्याच्या टरफलाची पूड वडीत घालावी. लहान शोभेच्या कोळंबीलाही हेच चालते. येथे शेतकऱ्याने विशेष जपावे. फवारणी केलेल्या वाफ्यातला पालक टाकीत जाता कामा नये. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके आणि तांबेयुक्त बुरशीनाशके कोळंबीवर्गीय प्राण्यांना अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात, आणि धुण्याने त्यांचा पूर्ण अंश जाईल याची खात्री नसते. परसात चार रोपे न फवारता वेगळी राखावीत. ओढ्यात सापडलेले कासव हौसेने टाकीत ठेवू नये. आपल्याकडील अनेक जातींच्या कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे.

साठवण आणि पावसाळा

तयार खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात, आठ-आठ दिवसांच्या पुड्या करून ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांत संपवावे. डब्यावर तयार केल्याची तारीख लिहावी. कोकणच्या पावसाळ्यात हवेतील ओलावा डबा उघडताच आत शिरतो, म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला लागेल तेवढेच करावे. ऊन नसेल तर चुलीवरच्या फळीवर वाळवावे.

पेंडीवर हिरवी-पिवळी बुरशी आल्यास ती पुसून किंवा उन्हात टाकून वापरण्याचा मोह होतो. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हाने किंवा वाफेने जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले आणि शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त भुईमूग पेंडीपर्यंत माग लागला. हे विष तेव्हाच ओळखले गेले. माशांत ते यकृतावर परिणाम करते. मासे लगेच मरत नाहीत, वाढ खुंटते, आणि पालनकर्ता दोष पाण्याला देत राहतो. अशी पेंड कोंबड्यांना किंवा दुभत्या म्हशीलाही घालू नये. विष दुधातही उतरते. ती खोल खड्ड्यात पुरावी आणि डबा सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून मगच पुन्हा भरावा.